स्वस्त लॅन कार्ड सारखं गायब होतंय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

आधी लक्षणं सांगतो, यातलं एखादं तुमच्याशी जुळत असेल तर पुढे वाचा, नाहीतर उगाच वेळ घालवू नका.

सकाळी कॉम्प्युटर चालू केला की लॅन कार्ड (नेटची केबल ज्यात खोचतो ते) दिसतच नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीत, नावच नाही, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर आपोआप आलेलं. चालू कामात नेटच्या चिन्हावर लाल फुली येते, पाच-दहा सेकंदांनी जाते, पण तेवढ्यात टॅली सर्व्हरपासून तुटलेलं असतं नाहीतर जीएसटीचं भरत आणलेलं पान गेलेलं असतं. कनेक्टेड दिसतं पण काहीच उघडत नाही आणि आयपी, म्हणजे नेटवर्कमधला मशीनचा पत्ता, १६९.२५४ ने सुरू होणारा आलेला असतो. प्लॅन दोनशे एमबीपीएसचा, कार्डाच्या खोक्यावर गिगाबिट छापलेलं, आणि स्पीड टेस्ट ९३-९४ च्या वर जायला तयार नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह, आत कोड १० किंवा २८ किंवा ४३. यूएसबीत खोचायचं वायफायचं डोंगल लावलं तर वायफाय राहिलं बाजूला, एक सीडी ड्राइव्ह उगवतो. एका टेबलाचं नेट आलं की शेजारच्या टेबलाचं जातं. आणि खास आपल्याकडचं म्हणजे हे सगळं पावसाळ्यात जास्त होतं.

मी ठाण्याजवळ कळव्याला राहतो. नौपाड्यातली दोन-तीन सीए ऑफिसं, कळव्यातले क्लासेस आणि तुर्भ्याला एपीएमसी मसाला मार्केटमधले काही गाळे, यांची मशीनं बघतो. सगळीकडे तीच तीनचारशे रुपयांची कार्डं, कारण मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट गेला की कोणी बोर्ड बदलत नाही, कार्ड टाकतात. ते बरोबरच आहे, मीही तेच सांगतो. चूक होते ती नंतर. कार्ड रुसलं की पहिल्याच दिवशी कोणीतरी येऊन फॉरमॅट मारतो, पाचशे घेतो, दोन दिवस चालतं, परत तेच. फॉरमॅटने ते दोन दिवस का चाललं हे त्यालाही माहीत नसतं. खाली मी फुकटच्या गोष्टींपासून सुरुवात केलीय, पैसे लागतात त्या शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दहा मिनिटं थांबून बघा, केबल, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), स्लॉट (कार्ड बसतं ती बोर्डावरची खाच) सगळं एकदम बदललंत तर सुरू होईलही पण कशाने झालं ते कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात परत शून्यापासून.

सगळ्यात आधी: नेट येतंय का?

हसू नका. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, घरच्या नाहीतर ऑफिसच्या वायफायवर जोडा आणि काहीतरी उघडा. उघडत नसेल तर तुमच्या कार्डाचा काही दोष नाही, केबलवाल्याला फोन करा. जमत असेल तर तीच लॅन केबल काढून एखाद्या लॅपटॉपला लावा. लॅपटॉपवर चाललं तर निदान भिंतीपासून इथपर्यंतचा रस्ता ठीक आहे आणि आता फक्त हा डबा बघायचाय. ही तपासणी न करता मी एकदा भर पावसात तुर्भ्याला गेलोय, ट्रान्स हार्बर लोकल पकडून, आणि तिथे राउटरचा प्लगच निघालेला, कारण शेठच्या मुलाने त्यात मोबाइलचा चार्जर लावला होता.

भिंतीवरचं बटण बंद करा आणि पॉवरचं बटण दाबून धरा

कार्ड पूर्ण गायब होतं त्या केसमध्ये हा उपाय मला सगळ्यात जास्त वेळा कामी आलाय आणि याला एक रुपया लागत नाही. कॉम्प्युटर शटडाउन करा. आता कॅबिनेटच्या मागे वाकून बघा, लॅन पोर्टची लाइट अजून लागलेली असेल. म्हणजे मशीन बंद आहे पण कार्ड जागं आहे. एसएमपीएसला, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला, जोपर्यंत भिंतीतून करंट येतोय तोपर्यंत तो पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन चालूच ठेवतो, आणि दुसऱ्या मशीनवरून याला जागं करता यावं म्हणून कार्डालाही थोडा करंट मिळत राहतो. कार्डातली चिप एकदा अडकली की या एवढ्याशा करंटवर ती तशीच अडकून बसते, तुम्ही दहा वेळा रिस्टार्ट करा, तिला कळतच नाही की मशीन बंद झालं होतं.

म्हणून भिंतीवरचं बटण बंद, लॅन केबल काढायची, आणि कॅबिनेटचं पॉवर बटण वीस-तीस सेकंद दाबून धरायचं. पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबतो कधीकधी, तो उरलेला करंट. मागची लाइट विझली हे डोळ्यांनी बघा. मग परत चालू करा. कार्ड आलं तर समजा ड्रायव्हर, फॉरमॅट, व्हायरस यांचा काहीही संबंध नव्हता. लाइट जाऊन येते त्या दिवशी कार्डं आपोआप बरी होतात ती याचमुळे, आणि फॉरमॅटवाला मशीन दुकानात नेताना प्लग काढतो, त्यातच कार्ड सुधारतं, श्रेय फॉरमॅटला जातं.

हे वारंवार करायला लागत असेल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथे डाव्या बाजूला पॉवर बटणं काय करतात ते निवडायचं असतं, आत टिक दिसेल. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे खरं शटडाउन नसतं, विंडोज स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तेच उचलतं. काल संध्याकाळी ड्रायव्हर गोंधळलेला होता तर आज सकाळी गोंधळासकट उठतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने लोड होतं. त्यामुळे "शटडाउन करून चालू केलं तर येत नाही, रिस्टार्ट केलं तर येतं" असं असेल तर दुसरं काही शोधत बसू नका, हेच आहे.

केबल, आणि जरा नीट

लोक केबल बघतात म्हणजे हलवून बघतात. हलवून काही कळत नाही. पोर्टची लाइट बघा: केबल लावल्यावर एकही लाइट लागत नसेल तर लिंकच नाही, आणि मग सॉफ्टवेअरमध्ये कितीही खुडबुड केली तरी उपयोग नाही. कनेक्टरची प्लॅस्टिकची क्लिप तुटली असेल तर तो बसल्यासारखा दिसतो पण टेबलाला धक्का लागला की अर्धा मिलिमीटर मागे सरकतो. लाल फुली येते-जाते त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं, आणि तोंडात बोटं घालायची वेळ येते कारण तोवर नवीन कार्ड घेऊन झालेलं असतं.

आता ते ९४ चं कोडं. लॅन केबलमध्ये आठ वायरी, चार जोड्या. शंभरच्या स्पीडला फक्त दोन जोड्या लागतात, पिन १, २, ३ आणि ६, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या क्रमात नारिंगी आणि हिरवी. हजारच्या स्पीडला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तुटली असेल तर नेट बंद पडत नाही, मुकाट शंभरवर चालतं, आणि शंभरातून वरखर्च वजा जाऊन हातात ९४ येतात. काही कार्डं एवढीही समजूतदार नसतात. दोन्ही टोकांचं बोलणं नारिंगी-हिरव्यावरून होतं, हजारवर जायचं ठरतं, मग निळी-तपकिरी सापडत नाही म्हणून लिंक पडते, परत बोलणं, परत ठरतं, परत पडते. बाहेरून तुम्हाला दिसतं काय, तर दर दहा सेकंदाला लाल फुली. लोक याला ड्रायव्हरचा प्रॉब्लेम म्हणतात.

यावर उपाय म्हणजे कंपनीची बनवून आलेली एक मीटरची पॅच कॉर्ड घेऊन मशीन राउटरच्या जवळ नेऊन लावून बघणं. चाललं तर भिंतीतली केबल खराब. आणि स्वस्त केबलमध्ये तांबं नसतं, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, दोनदा वाकवली की आतून तुटते, वरून काही दिसत नाही. ब्लेडने वायरीचं टोक खरवडून बघा, आत पांढरं चमकलं तर ओळखा. कनेक्टर परत क्रिम्प करून घ्यायला फार पैसे लागत नाहीत, तो खर्च नवीन कार्डाच्या आधी करा.

राउटरच्या बाजूचा पोर्टही बदलून बघा. एक पोर्ट मेलेला असतो आणि बिचाऱ्या कार्डाला शिव्या बसतात.

कुठपर्यंत पोचतंय ते पिंगने बघा

कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करा. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) आधी आयपीकॉन्फिग. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर अर्थ असा की कार्डाने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक लावून घेतला. याचा अर्थ कार्ड मेलं असा नाही, बोलणं एकीकडून होतंय किंवा राउटरच अडकलाय. राउटर बंद-चालू करून बघा.

मग पिंग १२७.०.०.१. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. यात वायरीवर काहीच जात नाही, विंडोज स्वतःशीच बोलतं. हेही फेल गेलं तर विंडोजमधलं नेटवर्किंग बिघडलंय. ॲडमिनिस्ट्रेटरने खिडकी उघडून नेटएसएच विन्सॉक रिसेट, नेटएसएच आयएनटी आयपी रिसेट, आणि रिस्टार्ट. पण थांबा, ऑफिसमध्ये आयपी हाताने भरलेला असेल तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा, नाहीतर प्रिंटर बंद पडेल आणि त्याचंही खापर तुमच्यावर. पुढे राउटरचा पत्ता, जो आयपीकॉन्फिगमध्ये डिफॉल्ट गेटवे म्हणून दिसतो, तो पिंग करा. हा चालला तर कार्ड, ड्रायव्हर, केबल तिन्ही सुटले. त्याच्या पुढे ८.८.८.८ चालतं पण साइट उघडत नाही तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. ही शिडी पाच मिनिटांत चढून होते आणि अर्धा दिवस वाचतो.

वीज वाचवायची खोड

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर डबल क्लिक, पॉवर मॅनेजमेंट टॅब, तिथे कॉम्प्युटरला वीज वाचवण्यासाठी हे बंद करू द्या अशा अर्थाची टिक आहे, ती काढा. मग ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट आणि ग्रीन इथरनेट असेल तर दोन्ही डिसेबल. पहिलं २०१० मधलं मानक आहे, वायरीवर काही जात नसेल तेव्हा पोर्टने डुलकी घ्यायची. चांगल्या कार्डांना जमतं, स्वस्त कार्ड आणि स्वस्त राउटर दोघंही एकदम डुलकी घेतात आणि उठताना एकमेकांना ओळखत नाहीत. "मशीन पडून होतं, जेवून आलो तर नेट गेलेलं" ही तक्रार असेल तर पहिल्यांदा इथेच या.

स्पीड अँड डुप्लेक्स मात्र ऑटोवरच ठेवा. फुल डुप्लेक्स म्हणजे दोन्हीकडून एकाच वेळी बोलणं, हाफ म्हणजे आळीपाळीने. कुठेतरी वाचून लोक १०० फुल डुप्लेक्स बांधून टाकतात. समोरचा राउटर ऑटोवर असतो, त्याला इकडून उत्तर मिळत नाही, मग तो हाफ धरून चालतो, आणि फाइल कॉपी करायला घेतली की नेट गोगलगाय होतं.

ड्रायव्हर

इथे सगळ्यात जास्त घाण होते. खोक्यावर काय छापलंय त्यावर विश्वास ठेवू नका, चिपच्यावरच्या छापावर पण नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स टॅब, हार्डवेअर आयडीज. व्हेन च्या पुढे १०ईसी असेल तर रिअलटेक. डेव्ह च्या पुढे ८१६८ म्हणजे गिगाबिट, ८१३९ म्हणजे जुनं पीसीआय स्लॉटवालं शंभरचं, आणि ८१३६ म्हणजे नव्या स्लॉटचं पण शंभरचंच. मला "गिगाबिट" म्हणून विकलेली ८१३६ बऱ्याचदा सापडलीत. त्यात केबल कितीही चांगली लावा, ९४ च्या पुढे जाणार नाही, दुकानदाराला परत द्या.

कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही, सोपं आहे. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण कार्ड उठत नाही, बहुतेक वेळा चुकीचा ड्रायव्हर किंवा वर सांगितलेली अडकलेली चिप. कोड ४३ म्हणजे कार्डानेच विंडोजला सांगितलं की माझं काहीतरी बिघडलंय. हा डोंगलवर आला आणि दुसऱ्या पोर्टवर, दुसऱ्या मशीनवरही आला तर ते डोंगल गेलं, नाद सोडा.

ड्रायव्हर चिपच्या कंपनीच्या साइटवरून किंवा मदरबोर्डच्या साइटवरून घ्या. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारे प्रोग्रॅम टाकू नका, त्यांनी मला जितकं काम मिळवून दिलंय तितकं विजेनेही नाही. आता प्रश्न असा की नेटच नाही तर ड्रायव्हर आणायचा कसा. अँड्रॉइड फोन यूएसबी वायरने मशीनला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, विंडोज १० आणि ११ ला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, नेट सुरू. हे माहीत नसल्यामुळे लोक पेनड्राइव्ह घेऊन शेजाऱ्यांकडे जातात.

नेट कालपर्यंत ठीक होतं आणि विंडोज अपडेटनंतर पडायला लागलं तर ड्रायव्हर टॅबमध्ये रोल बॅक करा. ते बटण राखाडी असेल तर अपडेट ड्रायव्हर, मग माझ्या कॉम्प्युटरवरच्या यादीतून निवडतो, आणि यादीत रिअलटेकच्याच नावाखाली वेगवेगळ्या तारखांचे ड्रायव्हर दिसतात, त्यातला जुना घेऊन बघा. जुनं कार्ड, जुना ड्रायव्हर ही जोडी पुष्कळदा सुखाने नांदते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉगला आरटी६४०एक्स६४ या नावाच्या ओळी एकामागून एक दिसत असतील तर तो याच चिपचा ड्रायव्हर लिंक तुटल्याचं नोंदवतोय, त्यातल्या वेळा बघा. रोज ठरावीक वेळेला असेल तर त्या वेळेला ऑफिसात काय चालू होतं ते शोधा. एका ठिकाणी पाण्याचा पंप निघाला.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: ८१६८ ला कर्नल स्वतःचा आर८१६९ ड्रायव्हर लावतो, सहसा तो ठीक असतो, लिंक सारखी पडत असेल तर फर्मवेअरचं पॅकेज आहे का बघा, मग आर८१६८ चं डीकेएमएस पॅकेज टाका. आणि विंडोज-लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर असेल, विंडोजमधून लिनक्समध्ये आल्यावरच कार्ड दिसत नसेल तर परत ते भिंतीवरचं बटण.

डोंगलची वेगळी दुखणी

सीडी ड्राइव्ह उगवतो तो बिघाड नाही. डोंगलच्या पोटात ड्रायव्हर ठेवलेला असतो, ते आधी सीडी असल्याचं सोंग घेतं, तो ड्रायव्हर टाकला की सोंग उतरवून वायफाय होतं. ड्रायव्हर टाकूनही अडकलं तर त्या सीडी ड्राइव्हवर राइट क्लिक करून इजेक्ट करा.

वायफाय डोंगल पुढच्या निळ्या यूएसबी पोर्टला लावलंय आणि शेजारी पोर्टेबल हार्ड डिस्क लावली की नेट मरतं, असं होत असेल तर ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत. यूएसबी ३ च्या वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास आवाज सुटतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर कागद काढला होता. डोंगल यूएसबी २ च्या पोर्टवर न्या किंवा एक मीटरची एक्स्टेंशन वायर लावून कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवा.

यूएसबी-ते-लॅनवालं डोंगल असेल तर हार्डवेअर आयडीत ९७०० दिसतंय का बघा. ते यूएसबी १.१ च्या स्पीडचं असतं, १२ एमबीपीएस, खोक्यावर शंभर लिहिलेलं असलं तरी. आणि या स्वस्त डोंगलांची आणखी एक गंमत. नेरुळला एका मॅडमच्या क्लासमध्ये दोन नवे लॅपटॉप, दोघांना लॅन पोर्ट नाही, म्हणून एकाच दुकानातून दोन डोंगलं आणलेली. एक चालू केला की दुसऱ्याचं नेट जायचं. मॅडमनी तोपर्यंत राउटर बदलला होता, केबलवाल्याशी भांडण झालं होतं. "अहो दादा, हे दोघं एकमेकांवर जळतात," त्या म्हणाल्या. दोन्हीकडे गेटमॅक टाइप केलं तर मॅक ॲड्रेस, म्हणजे बनवणाऱ्याने भरलेला ओळख नंबर, तंतोतंत सारखा, सहाच्या सहा जोड्या. बनवणाऱ्याने सगळ्या डोंगलांत एकच नंबर भरलेला. राउटरच्या दृष्टीने घरात एकच माणूस, तो एकदा या दारातून बोलतो एकदा त्या. ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये नेटवर्क ॲड्रेस म्हणून ओळ असते, तिथे एका डोंगलला दुसरा नंबर भरला, फक्त दुसरा अंक २, ६, ए किंवा ई ठेवायचा, म्हणजे हा नंबर हाताने दिलाय हे त्यातच कळतं. मिटलं.

कॅबिनेट उघडायचं

इथपर्यंत आलात म्हणजे फुकटचे उपाय संपले. प्लग काढा, बटण दाबून उरलेला करंट काढा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा, मग आत.

आधी बघा कार्ड सरळ बसलंय का. स्वस्त कार्डाची लोखंडी पट्टी बऱ्याचदा किंचित वाकडी असते, स्क्रू आवळला की पट्टीकडचं टोक खाली दबतं आणि आतलं टोक स्लॉटमधून वर उचललं जातं. डोळा स्लॉटच्या पातळीला आणून बघितलं की दिसतं, एका बाजूला सोनेरी दात पूर्ण आत आणि दुसऱ्या बाजूला त्यांची एक बारीक रेघ बाहेर. स्क्रू सैल करा, कार्ड नीट दाबा, पट्टी पकडीने सरळ करा, मग स्क्रू. मी अशी मेलेली म्हणून फेकलेली कार्डं उचलून आणलीत आणि चालवलीत.

मग दात. खाडीच्या दोन्ही बाजूंना, कळव्यापासून वाशीपर्यंत, पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की दातांवर मातकट थर चढतो. शाळेचं पांढरं खोडरबर घ्या, दातांवर एकाच दिशेने हलकं फिरवा, चुरा स्लॉटपासून लांब झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घेऊन पुसा आणि वाळू द्या. अत्तर, सॅनिटायझर, पाणी नको. मसाला मार्केटमधल्या एका गाळ्यातलं कॅबिनेट मी उघडलं तेव्हा आत मिरचीचा लाल थर होता, पंख्याच्या पात्यांवर तर बोटभर. मी ब्लोअर लावला आणि पुढची दहा मिनिटं मी, शेठ, त्यांचा दिवाणजी आणि बाहेरचे दोन माथाडी, सगळे शिंकत होतो. तेव्हापासून तिथे ब्रश आणि तोंडाला रुमाल. स्लॉटमधून मात्र चिमूटभर मिरची निघाली आणि कार्ड सुरू झालं.

तरी नाही तर दुसरा स्लॉट. स्लॉट बदलला की विंडोज त्याला नवं कार्ड समजतं, आणि हाताने भरलेला आयपी परत टाकायला गेलात की हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलाय म्हणतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून लपलेली डिव्हाइसेस दाखवा, फिकट दिसणारं जुनं कार्ड अनइन्स्टॉल करा. मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट मेलेला असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) जाऊन तो डिसेबल करून टाका, अर्धमेला पोर्ट चालू राहिला तर ड्रायव्हर त्याच्यावर अडकून बसतो आणि मशीन उठायलाही वेळ लागतो.

शेवटची परीक्षा अदलाबदलीची. हे कार्ड चालत्या मशीनमध्ये, चालतं कार्ड या मशीनमध्ये. कार्ड दोन्हीकडे फेल तर नवीन घ्या, आणि घेताना दुकानात हार्डवेअर आयडी बघून घ्या. कार्ड तिकडे चालतं आणि इकडे कुठलंच चालत नाही तर दोष बोर्डाचा नाहीतर एसएमपीएसचा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

अदलाबदलीनंतर दोष बोर्डावर आला तर तुमचं काम संपलं. बोर्डावरची लॅनची चिप हॉट एअरने काढून दुसरी बसवणारे कारागीर असतात, ते घरी करायचं काम नाही. एसएमपीएस उघडायचा तर विचारही नको, प्लग काढल्यावरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका दाब राहतो, तो अख्खा बदलतात. जळका वास, काळा डाग, चिपला बोट टेकवत नाही इतकी गरम, तर परत चालू करून बघू नका. परतीच्या पावसातल्या विजेनंतर पोर्ट गेला असेल आणि केबल गच्चीवरून गच्चीवर ओढलेली असेल तर गच्चीवर जाऊ नका, ती केबलवाल्याची जबाबदारी, आणि राउटरचा पोर्टही तपासून घ्या नाहीतर नवीन कार्डही तो घेऊन जाईल. हिरव्या टोकाची बारीक फायबरची वायर निघाली असेल तर तिच्या तोंडात डोळा घालून बघू नका, आत लेझर असतो. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर स्क्रूला हात नको.

आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कॉम्प्युटरवाल्याला नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा. कळव्यातल्या एका क्लासमध्ये मी एकाच मशीनची दोन कार्डं बदलली, दर आठवड्याला नेट पडायचं, आणि तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पाय अनवाणी होते, पाऊस होता, कॅबिनेटला कोपर लागलं आणि मी चमकलो. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर कापून, वर टेप मारून, आत कोंबलेली. ती जोडली. मेलं म्हणून बॅगेत टाकलेलं त्यांचं पहिलंच कार्ड मी परत बसवलं. त्याला आता दोन पावसाळे झाले.